वीज लिंबातली की जस्तातली?

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एक मांडणी हमखास दिसते. ताटलीत चार-पाच लिंबे, प्रत्येकात एक तांब्याची तार व एक जस्ताची पट्टी, शेवटी मिणमिणणारा लाल एलईडी आणि वर ठळक अक्षरांत पाटी : ‘लिंबापासून वीज’. प्रयोग उत्तम आहे. पाटी मात्र दिशाभूल करणारी आहे आणि ती बदलायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरीच पडताळा पाहा. एका लिंबात जस्त व तांबे खोचून व्होल्टमीटर जोडा. काटा साधारण ०.९ व्होल्ट दाखवील. आता लिंबाऐवजी बटाटा घ्या, चिंचेचे पाणी घ्या, मिठाचे पाणी घ्या. आकडा थोडाफार बदलेल, पण वीज मिळत राहील. मग पुन्हा लिंबू घ्या आणि जस्त काढून तेथेही तांब्याचीच तार खोचा. काटा शून्याजवळ येऊन बसेल. लिंबू तेच, रस तोच. मग वीज गेली कोठे?

उत्तर जस्तात आहे. तांब्यापेक्षा जस्त आपले इलेक्ट्रॉन अधिक सहजपणे सोडते. त्याचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवतो आणि आयन होऊन रसात उतरतो. हे इलेक्ट्रॉन तारेतून तांब्याकडे जातात व तेथे रसातील हायड्रोजन आयन ते स्वीकारतात. लिंबाचे आम्ल या कामी उपयोगी पडते, हे खरे. पण इंधनासारखे खर्ची पडते ते जस्त! खनिजापासून शुद्ध जस्त मिळवताना जी ऊर्जा वापरलेली असते, तिचाच काही अंश आपल्याला परत मिळतो. फुकटची वीज येथे कोठेच नाही. (रसात जस्त उतरलेले असते, म्हणून प्रयोगातले लिंबू नंतर खाऊ नका.)

अशी गफलत पूर्वीही झाली आहे. दोन धातूंच्या स्पर्शाने मेलेल्या बेडकाचा पाय आखडतो, हे पाहून इटलीतील गॅल्व्हानीने १७९१ साली मत मांडले, की वीज बेडकातच आहे. व्होल्टाने १८०० साली बेडूकच वगळला! जस्त व चांदीच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे ठेवून त्याने वीज मिळवली. पण व्होल्टाही पुरता बरोबर नव्हता. नुसत्या धातूंच्या स्पर्शातून वीज उत्पन्न होते, असे तो मानी. तिच्यामागे रासायनिक क्रिया आहे, हे सर्वमान्य होण्यापूर्वी अनेक वर्षे वाद चालला.

तेव्हा चुकण्यात लाज नाही. परंतु दोन मिनिटांत तपासता येणारी गोष्ट न तपासता तीच पाटी दरवर्षी रंगवणे, याला विज्ञान म्हणता येणार नाही. शिक्षकांना विनंती, की बक्षीस देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : “जस्त काढून तांबे लावले तर काय होईल?” ज्याने हे करून पाहिले असेल, त्याचा एलईडी पेटला नाही तरी बक्षीस त्यालाच द्यावे.