उकड, वाफ आणि बेकिंग पावडर

मंडळी, आज जरा भांडायचंय.

विषय गूझेरचा. फ्रान्समधल्या बुर्गुन्य भागातले हे चीझचे छोटे, खारे, आतून पोकळ पफ. तिकडे वाइन चाखताना सोबत देतात. घरी करावेत म्हणून तीन व्हिडिओ पाहिले, तर दोनांत बेकिंग पावडर! वर सल्ला काय, तर फुगले नाहीत तर अजून पाव चमचा घाला.

अहो, कशाला? यात फुगवायचं काम वाफ करते. पाण्याची वाफ झाली की आकारमान सुमारे १,६०० पट होतं. वाफ आतून ढकलते, अंडं आणि मैदा बाहेरून कवच धरतात, मध्ये पोकळी राहते. त्यात पावडर घालणं म्हणजे बग सापडत नाही म्हणून रिकामा कॅच ब्लॉक लावणं. एरर दिसत नाही, प्रोग्रॅम चुकलेलाच असतो.

खरा बग असतो उकडीत. हो, उकडच ती! १२५ मिली पाणी, ५० ग्रॅम लोणी आणि मीठ यांना उकळी आणायची, ७५ ग्रॅम मैदा एकदम ओतायचा आणि घोटायचं. मोदकांची उकड काढणाऱ्या घरांतली माणसं हे शिकायला पैसे भरून क्लासला जातात, याचं मला खरंच नवल वाटतं. फरक एकच. मोदकांची उकड झाकण ठेवून मऊ राखायची. ही मात्र मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परतून कोरडी करायची, पातेल्याच्या तळाला पातळ पापुद्रा धरेपर्यंत. लोक घाई करतात ती इथे. उकड ओली राहिली की तिच्यात अंडं कमी मावतं, आणि मग पफ बसतात.

'दोन अंडी' हाही गोलमालच. अंडी काय एका मापाची असतात? उकड जरा निवू द्यायची, अंडी फेटून थोडी थोडी घालायची. डावेवरून त्रिकोणी जीभ लोंबली की बास.

चीझच्या बाबतीत मात्र मी सोवळं पाळत नाही. तिकडे ग्रुयेर किंवा काँते घालतात. त्यांचे भाव बघून मी ६० ग्रॅम गौडा किसून घातलं. छान लागलं. असो.

मग २०० अंशांवर साधारण २५ मिनिटं. दार उघडायचं नाही!

पहिल्या खेपेला मीही मुकाट पावडर घातली होती. ताटात चपट्या, ओलसर टिकल्या आल्या. आईने एक मोडून बघितली आणि म्हणाली, "उकड ओली राहिली रे."

ओव्हनला तिने आजवर हात लावलेला नाही.