‘शकुंतला’ आजही ब्रिटिशांची? नेमकं प्रकरण काय?

‘ही रेल्वे आजही ब्रिटिशांची’ असा मेसेज तुमच्याही व्हॉट्सॲपवर आला असेल. विषय यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या सुमारे १९० किलोमीटरच्या नॅरोगेज मार्गाचा, म्हणजेच ‘शकुंतला’चा. वऱ्हाडातला कापूस मुंबई बंदराकडे नेण्यासाठी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या पुढाकाराने तो उभा राहिला. वाफेचं इंजिन इथे थेट १९९४ पर्यंत धावलं!

स्वातंत्र्यानंतर बहुतेक रेल्वे कंपन्या सरकारजमा झाल्या, ही राहून गेली. पण किलिक निक्सनच तोवर भारतीयांच्या हाती गेली होती. म्हणजे मार्ग खासगी, ब्रिटिश नव्हे.

खरी अडचण वेगळीच. गाडी चालवायची रेल्वेने, रूळ-पूल मात्र कंपनीचे. मग दुरुस्तीचा खर्च कुणाचा? रूळ झिजले, वेग घटला, गाडी थांबली. वर्ध्याहून ब्रॉडगेज गाडी २०२४ मध्ये कळंबपर्यंत पोहोचली; दारव्हेकर मात्र शकुंतलेचीच वाट पाहताहेत.