शेजाऱ्याचा शिधा, शेजाऱ्याचा हक्क
बंगळुरूत पीएच.डी. करताना मी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या स्वयंसेवकांसोबत शेजारच्या वस्तीत तांदूळ-डाळ पोचवतो. फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने १८३३ मध्ये पॅरिसमध्ये मित्रांसह सुरू केलेली ही कॅथलिक संस्था आजही गरजूंच्या दारी जाते. आमच्या वस्तीतली बरीच घरं दलित ख्रिस्ती आहेत. १९५० च्या राष्ट्रपती आदेशातल्या धर्माच्या अटीमुळे त्यांना अनुसूचित जातीचा दर्जा नाही. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये आपण बौद्ध. चर्चमध्ये गेल्याने जात सुटत नाही, सवलत मात्र सुटते. अनुसूचित जातीच्या स्कॉलरशिपने घर कसं उभं राहतं, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. म्हणून शिधा देऊच; पण त्यांच्या मागणीच्या मोर्चातही आपण दिसलं पाहिजे.