टाळीला दोन हात, गाडीला एक
(द्वितीय वर्ष, कला)

एका हाताने टाळी वाजत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. टाळीपुरती ती खरी असेल. पण आपण हाच न्याय माणसाच्या साऱ्या आयुष्याला लावतो. एका हातातील जोर गेलेला माणूस दिसला की, "आता हा गाडी कुठली चालवणार?" असे परस्पर ठरवून मोकळे होतो. हा निकाल घाईचा आहे असे मला वाटते. वस्तुतः प्रश्न माणसाच्या हाताचा जितका आहे, त्याहून अधिक तो गाडीच्या रचनेचा आहे.

हात अधू होण्याची कारणे खेड्यापाड्यांत थोडी नाहीत. 2014 साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, पण त्यापूर्वी ज्यांना तो आजार झाला ती माणसे आपल्यातच आहेत. अर्धांगवायूने हात लुळा पडतो, मोटारसायकलच्या अपघातात खांद्याच्या नसा तुटतात. मळणी यंत्रांनी घेतलेल्या हातांमुळे तर 1983 साली संसदेला धोकादायक यंत्रांसंबंधी स्वतंत्र कायदा करावा लागला. आमच्या गावातील एका शेतकऱ्याचा डावा हात असाच यंत्रात सापडून निकामी झाला. पूर्वी ते स्वतः जीप चालवीत भाजी बाजारात नेत. आज जीप दाराशी उभी असते आणि दर बाजाराला ड्रायव्हर शोधावा लागतो. त्याची मजुरी गेली की भाजीत उरते काय?

आता गाडीकडे पाहू. आपल्याकडील गाडीत चालक उजवीकडे बसतो, म्हणून गिअर आणि हँडब्रेक डाव्या हाताला येतात. डावा हात अधू असेल तर ऑटोमॅटिक गिअरची गाडी निम्मे काम हलके करते, कारण तीत क्लच नसतो आणि सारखा गिअर बदलावा लागत नाही. हँडब्रेकच्या जागी बटणाचा ब्रेक आला की तीही अडचण सुटते. उजवा हात अधू असेल तर बऱ्याच गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजवीकडे असल्याने पंचाईत होते; पण तिला जोड देऊन ती डाव्या हाताच्या आवाक्यात आणता येते. राहिले स्टिअरिंग. ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगवर बसवलेली फिरती मूठ आपण सर्वांनी पाहिली आहे. पॉवर स्टिअरिंगच्या गाडीला तशी मूठ नीट बसवली तर एका हाताने, हात न उचलता, पूर्ण वळण घेता येते. यात अशक्य असे काय आहे? 2014 साली मारुती सेलेरिओ आली तेव्हापासून क्लच न दाबता चालणारी गाडी लहान गाड्यांतही स्वस्तात मिळू लागली. केरळच्या जिलुमोल थॉमस यांना तर जन्मतः दोन्ही हात नाहीत. बदल करून घेतलेल्या अशाच सेलेरिओवर त्यांनी 2023 साली परवाना मिळवला.

कायदाही आडवा येत नाही. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने, ठरवून दिलेल्या अटी पाळून आपल्या गाडीत असे बदल करून घेण्याची मुभा दिली आहे. बदलांच्या साहित्यावरील जीएसटी 5 टक्के करण्याचा निर्णय 2021 साली झाला.

मग घोडे अडते कुठे? ते शिकण्यापाशी अडते. आमच्या तालुक्याच्या गावी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी म्हणजे हाताने गिअर टाकण्याची गाडी. अधू हाताच्या माणसाने शिकायचे कशावर? आधी लाखो रुपयांची गाडी घ्या, तीत बदल करा आणि मग चालवता येते का ते पाहा, असा हा उलटा व्यवहार आहे. श्रीमंताला तो परवडेल. भाजी विकणाऱ्याला परवडणार नाही.

कोणी म्हणेल, रस्त्यावर इतरांच्या जिवाचे काय? शंका रास्त आहे. कशीतरी बसवलेली मूठ ऐन वळणावर निसटली तर अनर्थ होईल. म्हणूनच बदल जाणकाराकडून व्हावेत आणि चाचणी कसून घ्यावी. पण ती त्या माणसाला योग्य अशा गाडीवर घ्यावी. चष्मा लावणाऱ्याची दृष्टी आपण चष्मा काढून तपासून त्याला नापास करत नाही.

यासाठी फार मोठ्या योजनेची गरज नाही. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी, शिकण्यासाठी आणि चाचणीसाठी, ऑटोमॅटिक गिअरची आणि काढता-घालता येणाऱ्या मुठीची एक गाडी शासनाने ठेवावी. "अपंग" हा शब्द मागे पडून "दिव्यांग" शब्द रूढ झाला, हे ठीकच झाले. पण नुसत्या शब्दाने कुणाची भाजी बाजारात पोचत नाही. त्यासाठी गाडीच लागते, आणि ती शिकवणारेही कोणी लागते.