मचाण की खोगीर?

सध्या आमच्या ग्रुपमध्ये जोरदार वाद पेटलाय. विषय राजकारण नाही, क्रिकेट नाही, अप्रेजलसुद्धा नाही. विषय आहे, झाडावर बसावं कसं! हसू नका. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर अशा तीन दिशांना राहणारे, एरवी रविवारी कुठल्या गडावर जायचं यावरही ज्यांचं एकमत होत नाही असे सहा इंजिनियर गेले दोन आठवडे रात्री साडेबारापर्यंत यावर भांडतायत.

याला कारण आमचा मिशिगनवासी मित्र. कॉलेजपासूनचा. तिकडे ऑफिसातल्या एका गोऱ्या सहकाऱ्याने त्याला धनुष्यबाणाच्या शिकारीचा नाद लावला. (ही बातमी अजून दादरला त्याच्या आईपर्यंत पोचलेली नाही, तेव्हा कृपया...) मिशिगनमध्ये १ ऑक्टोबरला धनुष्यबाणाचा सीझन उघडतो आणि हे लोक पहाटे चारला थर्मास घेऊन जंगलात जातात. तर हा प्राणी आता सुट्टीवर येतोय, नेमका बुद्धपौर्णिमेच्या सुमाराला, आणि आमच्याबरोबर मचाणावर रात्र काढणार आहे. परवा त्याचा मेसेज आला, "मचाण वगैरे जुनं झालं रे. मी येताना दोन सॅडल आणतो. लाकडी फळ्यांवर कसले बसता?"

झालं. ग्रुपचे दोन तुकडे.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत हरणावर बाण मारायचा तर ते वीस-तीस मीटरच्या आत यावं लागतं. जमिनीवर उभं राहिलात तर ते त्याआधीच तुम्हाला बघतं किंवा हुंगतं. म्हणून झाडावर चढायचं. त्यासाठी जुना आणि सर्रास चालणारा प्रकार म्हणजे ट्री स्टँड. म्हणजे आपलं मचाणच, फक्त धातूचं आणि एका माणसापुरतं. काही शिडीसकट येतात, काही बुंध्याला पट्ट्याने आवळायचे असतात, आणि एका प्रकारात दोन भाग आळीपाळीने वर सरकवत सुरवंटासारखं झाडावर चढत जायचं. बसायला सीट, पाय ठेवायला जाळी, पाठ झाडाला टेकलेली. वजन मात्र पाच किलोपासून दहापर्यंत, शिडीवालं तर त्याच्या कितीतरी पुढे.

दुसरा प्रकार सॅडल. शब्दशः खोगीर. कमरेभोवती आणि मांड्यांखाली एक रुंद झोळीसारखा पट्टा, पुढे एक दोर, आणि तो झाडाला गुंडाळलेल्या दुसऱ्या दोरात अडकवलेला. पायाखाली ताटाएवढी पाटी. माणूस झाडाकडे तोंड करून मागे रेलतो. विजेच्या खांबावर चढलेला लाइनमन काम करताना कसा पट्ट्यावर भार टाकून मागे झुकतो, तसाच. पट्ट्याचं वजन किलो-दीड किलो. मुख्य म्हणजे हरीण ज्या बाजूने येईल त्याच्या उलट बाजूला सरकून बुंध्याआड लपता येतं. कल्पना काही आजची नाही. मिशिगनचाच जॉन एबरहार्ट नावाचा शिकारी कित्येक वर्षं ती वापरत आणि शिकवत आलाय, पण लाट आली ती गेल्या काही वर्षांत.

इंजिनियर म्हणून विचाराल तर सॅडल ही फार सुंदर गोष्ट आहे. कमीत कमी सुटे भाग, प्रत्येक भागाला दोन कामं. सीट आणि सेफ्टी बेल्ट वेगळे नाहीतच, जे तुम्हाला बसवतं तेच तुम्हाला धरून ठेवतं. असं डिझाइन आमच्या प्रोजेक्टमध्ये कोणी करून दाखवलं तर मी त्याला वडापाव देईन.

तरीही माझं मत मचाणाला. आणि ते "आपलं ते चांगलं" म्हणून नाही.

सॅडल निर्माण का झालं ते बघा. मिशिगनच्या ऑक्टोबरमध्ये हरणाला पाणी कुठेही मिळतं, खाणं कुठेही मिळतं, ओकची फळं सगळीकडे पडलेली असतात. त्यात शिकाऱ्यांचा वावर वाढला की दोन दिवसांत हरीण वाट बदलतं. शिवाय बऱ्याच राज्यांत सरकारी जमिनीवर झाडाला खिळे-स्क्रू मारायला मनाई, काही ठिकाणी स्टँड रात्रभर सोडून यायलाही मनाई. म्हणजे आज इथे, उद्या दोन किलोमीटरवर, आणि सगळं सामान पाठीवर. अशा माणसाला किलोभराचं आसन हा वरदानच. थोडक्यात, तिकडे जनावर कुठून येईल हे माहीत नसतं, म्हणून माणसाला हलतं राहावं लागतं.

आपल्याकडे वैशाखात नेमकं उलटं. तानसा घ्या, तुंगारेश्वर घ्या, नाहीतर थेट ताडोबा. साग निष्पर्ण झालेला, ओढे कोरडे, आणि मैलोन् मैल मोजून दोन-चार पाणवठे. जनावर कुठे येणार हा प्रश्नच नाही. प्रश्न फक्त कधी येणार एवढाच. जिथे जागा पक्की आहे तिथे हलतं आसन कशाला? जिम कॉर्बेटने १९२६ साली रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारला तो गोलाबराईच्या आंब्यावर मचाण बांधून, खाली घंटा बांधलेली बकरी ठेवून. बिबट्याचा रस्ता ठरलेला होता, कॉर्बेटला फक्त रात्रीमागून रात्र थांबायचं होतं. मचाण हे थांबणाऱ्या माणसाचं यंत्र आहे.

आणि थांबायचं तरी किती! मिशिगनवाला तीन-चार तास बसून घरी नाश्त्याला जातो. बुद्धपौर्णिमेला आपण उन्हं कलायच्या आत वर चढतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जीप येईपर्यंत खाली उतरायची परवानगी नसते. एवढा वेळ मांड्यांखालच्या पट्ट्यावर लोंबकळत काढायचा? रक्ताभिसरणाचा प्रश्न खरा आहे, हार्नेसमध्ये हालचाल न करता टांगून राहणं धोक्याचं असतं हे कुठलाही क्लायंबर सांगेल. सॅडलवाले पाटीवर पाय रोवून वजन इकडून तिकडे करत राहतात म्हणून त्यांचं निभावतं. पण पहाटे तीनला डुलकी लागलेल्या माणसाचं काय? शिवाय मचाणावर आपण एकटे नसतो, सोबत गाईड किंवा वनमजूर असतो. सांबराची धोक्याची हाक कुठली आणि भेकराचं भुंकणं कुठलं हे कानात सांगणारा माणूस शेजारी हवा. पलीकडच्या झाडाला टांगलेला असून काय उपयोग?

ग्रुपमधल्या सॅडलपक्षाचा खरा मुद्दा वेगळाच आहे, तो त्यांनी तिसऱ्या दिवशी बाहेर काढला. सॅडल असलं की म्हणे बुद्धपौर्णिमेची वाट बघायला नको, नोंदणी नको, कोणत्याही शनिवारी येऊरच्या मागे जाऊन हवं ते झाड पकडायचं, कॅमेरा काढायचा.

इथे मात्र माझं डोकं फिरलं. अरे, १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि मग १९९१ची दुरुस्ती यांनी हौसेची शिकार संपवली हे बरोबर, पण म्हणून कॅमेरा घेतला की कुठेही घुसायचा परवाना मिळत नाही. राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शिरणं हाही गुन्हाच. आणि कायदा बाजूला ठेवा. मचाणाची गंमत अशी की ते वन खात्याने ठरवलेल्या जागी असतं. आज रात्री जंगलात किती माणसं आहेत, कुठे आहेत, हे कोणाला तरी ठाऊक असतं. बाकीचं जंगल त्या रात्री मोकळं असतं. प्रत्येकाच्या सॅकमध्ये खोगीर आलं की ते मोकळं जंगल संपलं. बोरिवलीचा बिबट्या आधीच तीन बाजूंनी इमारतींत अडकलाय, त्याला डोक्यावर लटकलेले सॉफ्टवेअरवाले आणखी कशाला? (बिबट्या झाडावर आपल्यापेक्षा बराच चांगला चढतो, हेही जाता जाता सांगून ठेवतो.)

"पण मोजणीला मदत होईल" हा युक्तिवादही चालायचा नाही. पाणवठ्यावर बसून मोजायचे दिवस गेले. सरिस्कातले वाघ नाहीसे झाल्याचं २००४-०५ मध्ये उघड झालं, त्यानंतर सगळी पद्धतच बदलली, आता गुडघ्याच्या उंचीवर बांधलेले कॅमेरा ट्रॅप ते काम करतात. २०१५च्या अभ्यासात संजय गांधी उद्यान आणि परिसरात ३५ बिबटे नोंदले गेले ते असेच. म्हणून तर खातं आता बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाला निसर्गानुभव म्हणतं. तिथे आपण अनुभव घ्यायला जातो, डेटा गोळा करायला नाही.

असो. मचाणपक्षाने इतक्यात टाळ्या वाजवू नयेत. कारण एका बाबतीत खोगीरवाले आपल्यापेक्षा शंभर पावलं पुढे आहेत, आणि त्यावर आमच्या ग्रुपमध्ये कोणी अवाक्षरही काढलं नाही.

पडणं.

अमेरिकेत शिकाऱ्यांच्या गंभीर दुखापतींमध्ये झाडावरून पडणं हे एक मोठं कारण आहे. आणि माणूस पडतो तो बसलेला असताना कमी. चढताना, उतरताना, शिडीवरून फळीवर पाय टाकताना जास्त. म्हणून तिथे नव्या स्टँडबरोबर पूर्ण अंगाचा हार्नेस येतो, आणि जाणकार लोक बुंध्यावर वरपासून जमिनीपर्यंत एक दोर सोडतात. त्यावर प्रूसिक गाठ. गाठ हाताने वर-खाली सरकते, पण झटका बसला की आवळते. पाय जमिनीवरून उचलल्यापासून परत जमिनीला लागेपर्यंत माणूस कधीच सुटा नसतो. नीट शिकलेला सॅडलवाला तर चढतानाही बांधलेला आणि बसतानाही बांधलेला.

आता आपलं मचाण आठवा. गेल्या चार वर्षांत मी तीन वेगवेगळ्या अभयारण्यांत बसलोय. नावं घेत नाही. तिन्हीकडे पाण्याच्या बाटल्या मोजून दिल्या, अत्तर लावू नका, भडक कपडे घालू नका, फ्लॅश मारू नका, सगळं बजावून सांगितलं. बांधून घ्या असं कोणी सांगितलं नाही. एका ठिकाणी शिडीची वरून तिसरी पायरी हातात फिरत होती. कठडा म्हणजे तीन बाजूंना बांबू, चौथी बाजू शिडीसाठी उघडी, आणि तिकडेच डोकं करून आम्ही दोघं आळीपाळीने झोपलो.

साधं गणित करा. पंधरा फूट म्हणजे साडेचार मीटर. तेवढं पडायला एक सेकंदही लागत नाही, आणि जमिनीला टेकताना वेग ताशी ३४ किलोमीटरच्या आसपास. तेही रात्री अडीचला, जिथे फोनला रेंज नाही आणि जीप सकाळी येणार. आमच्या अंधेरीच्या ऑफिसच्या काचा पुसणारी मुलं बाराव्या मजल्यावरून उतरतात ती दोन दोरांवर, एक कामाचा आणि एक जिवाचा. आपण कॉफीचा मग घेऊन आतून बघतो, "बापरे, काय डेंजर काम" म्हणतो, आणि मेमध्ये स्वतः अर्धवट झोपेत काहीही न बांधता मचाणावरून उतरतो.

आपलं तर एका रात्रीचं कौतुक. सोबतचा वनमजूर वर्षभर अशा शिड्या चढतो. आणि रानडुकरांपासून पीक राखायला शेतात मचाण बांधून राहणारा शेतकरी पीक उभं असेपर्यंत रोज रात्री तिथेच झोपतो. त्यांना कुठलं सॅडल आणि कुठला हार्नेस? पण काही हजारांचे बूट आणि त्याच्या दसपट किमतीची लेन्स घेऊन जाणाऱ्या आपल्याला तरी कुठे काय होतं!

या सगळ्याला लागणारी सामग्री मुंबईत धूळ खात पडली आहे. निम्म्या ट्रेकर्सच्या माळ्यावर क्लायंबिंगची दोरी आणि स्लिंग असतात. पूर्ण अंगाचा हार्नेस नागदेवी स्ट्रीटवर बांधकामवाल्यांसाठी मिळतो, आयएस ३५२१ असं छापलेलं बघून घ्यायचा. नुसता कमरेचा क्लायंबिंग हार्नेस झोपेसाठी नको, झोपेत उलटं पडलात तर त्यातून घसरायची भीती. वर बसल्यावर पाठीच्या कडीतून बुंध्याला आखूड दोर, इतका आखूड की फळीच्या कडेपर्यंतच पोचता येईल, पलीकडे नाही. एवढाच काय तो खटाटोप.

तर मिशिगनला कळवलंय: बाबा रे, खोगिरं तिकडेच ठेव, इकडे ती खोगीरभरतीच होईल. धनुष्याचं नावही काढू नकोस, विमानतळावर आम्ही ओळख दाखवणार नाही. येताना प्रूसिकसाठी बारीक दोर आण आणि गाठ शिकवायला एक संध्याकाळ मोकळी ठेव. बाकी हार्नेसचं आम्ही बघतो. नागदेवीला रविवारी बंद असतं, म्हणून येत्या शनिवारी सकाळी अकराला मस्जिद स्टेशनच्या बाहेर भेटायचं ठरलंय. घेणार तीन. दोन आमच्या मचाणावरच्या दोघांना आणि तिसरा आमच्याबरोबर जो कोणी वनमजूर असेल त्याच्यासाठी, परत येताना तो त्याच्याकडेच ठेवून येणार. सॅडलपक्षातले दोघं अजून रुसलेत, पण वर्गणी दिली आहे.