चाळीतला कार्यकर्ता कोणाचा?

आपल्या वसतिगृहातून बाहेर पडणारी मुले पुढे कोठे जातात, याचा विचार स्मरणिकांच्या पानांत सहसा अर्धाच होतो. अधिकारी, प्राध्यापक, डॉक्टर झालेल्यांची छायाचित्रे छापली जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु पुष्कळ मुले ज्या चाळीतून आली त्याच चाळीत परत जातात. त्यांपैकी ज्याला अर्ज लिहिता येतो, सभेत चार शब्द नीट बोलता येतात, त्याला थोड्याच दिवसांत प्रत्येक गटाकडून बोलावणे येते. त्या मुलाविषयी आम्हांस येथे काही सांगायचे आहे.

मुंबईतील बीडीडी चाळींचे उदाहरण घेऊ. १९२० नंतरच्या दशकात तत्कालीन सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे त्या उभारल्या. तळमजल्यावर तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या, खोली जेमतेम १६० चौरस फुटांची, शौचालये सामाईक. गिरणी कामगार, पोलिसांची कुटुंबे, कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसे येथे पिढ्यान् पिढ्या राहिली. बौद्ध समाजाची मोठी वस्तीही याच चाळींत. खोली एवढी लहान, की माणूस गॅलरीत, जिन्यात आणि मैदानातच वाढतो. राजकारणही मग तेथेच येऊन बसते.

१९७४च्या जानेवारीत हे राजकारण रक्तावर गेले. मध्य मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक होती. काँग्रेसतर्फे रामराव आदिक उभे होते व शिवसेनेचा त्यांना पाठिंबा होता. समोर कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे होत्या. अवघ्या दीड-दोन वर्षांच्या दलित पँथरने बहिष्काराची हाक दिली. ५ जानेवारीला वरळीत पँथरची सभा झाली, तीवर दगडफेक झाली आणि दंगल पेटली. तिच्या निषेधार्थ १० जानेवारीला निघालेल्या मोर्चावर इमारतीवरून दगड आले. त्यांतला एक भागवत जाधव या तरुण कार्यकर्त्याच्या डोक्यात बसला आणि तो गेला. दंगल वरळीहून नायगावपर्यंत पसरली. पुढे न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग नेमला गेला. निवडणूक रोझा देशपांडे यांनी जिंकली. त्याच वर्षी नामदेव ढसाळ आणि राजा ढाले यांच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि १९७७ मध्ये ढाले यांनी पँथर बरखास्त झाल्याचे जाहीर केले. ज्या मोर्चात भागवत चालत होता, त्या मोर्चाची संघटना त्याच्यामागे जेमतेम तीन वर्षे टिकली. आणि ज्यांच्या खोल्यांच्या भिंती एकमेकांना लागून होत्या, त्यांना दंगलीनंतरही एकाच नळावर पाणी भरावे लागले. यावर जेवढा विचार व्हायला हवा होता, तेवढा आपल्या समाजात झालेला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यावरून कोणी म्हणेल, मुलांनी राजकारणापासून दूर राहावे. असे म्हणणारे बहुधा चाळ सोडून गेलेले असतात. चाळीत राजकारणाशिवाय तुंबलेले गटारही उपसले जात नाही. तेव्हा कार्यकर्त्याने पक्ष निवडावा, उघडपणे निवडावा. प्रश्न आहे तो पक्षाने त्याच्यावर किती हक्क सांगावा याचा.

१९५७ साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाची पुढे जी शकले झाली, ती चाळीत उतरली तेव्हा एका मैदानात जयंतीचे दोन मांडव पडले, वर्गणीची दोन पुस्तके फिरू लागली. ज्या मुलाने अभ्यासिका चालवावी, तो फलकावर कोणाचे छायाचित्र मोठे असावे या वादात रात्र घालवू लागला. वडीलधाऱ्यांनी त्याला आवरायचे, तर तेच त्याला पुढे करतात. गुन्हा मात्र पोराच्या नावावर नोंदवला जातो आणि पुढे नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत आडवा येतो. त्या दिवशी नेता कोठे असतो, हे ज्या पालकांनी भोगले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

आज तर या मुलाची गरज पूर्वीपेक्षा अधिक आहे. म्हाडामार्फत बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. १६० फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर मिळणार आहे. अशा वेळी म्हातारीच्या नावावरची भाडेपावती, मृत मुलाच्या वारसाचा दाखला, पात्रतेची यादी, संक्रमण शिबिराचा करार हे सारे कोणीतरी बसून वाचावे लागते. शेजारची मराठा बाई असो की आपली आजी, कागद दोघींचेही सारखेच अडतात. जो मुलगा दोघींचेही कागद वाचून देतो त्याला दोन्ही गट संशयाने पाहतात, आणि आमच्या दृष्टीने तोच खरा कार्यकर्ता. अभ्यासिका, वर्गणीचा हिशेब आणि आजारी माणसाची धावपळ या तीन गोष्टींत त्याने कोणताही झेंडा आत येऊ देऊ नये. बाकी सभांत त्याने खुशाल घोषणा द्याव्यात.

हे शिकवण्याची जागा वसतिगृहच आहे. येथे मुलगा रांगेत ताट धुतो, भोजनगृहाचा हिशेब पाहतो, वेगवेगळ्या गावांच्या नि घरांच्या मुलांशेजारी झोपतो. भाषणस्पर्धा आपण पुष्कळ घेतो. सभेचे इतिवृत्त कसे लिहावे, जमाखर्च भिंतीवर कसा लावावा, याचा एक तासही घेत नाही. तो यंदापासून घ्यावा. दहावीनंतर मुले घरी निघतात, त्यापूर्वी माजी विद्यार्थ्यांपैकी निरनिराळ्या पक्षांत काम करणाऱ्या दोघा-तिघांनी त्यांच्यासमोर एकत्र बसावे. एकमेकांविरुद्ध निवडणूक लढवलेली आमचीच माणसे या सभागृहात एका सतरंजीवर बसलेली मुलांनी पाहिली पाहिजेत. कोणी यायला तयार असल्यास कार्यालयात नाव द्यावे. पक्ष विचारला जाणार नाही.