पाहुणे खोलीत, वाढपी साथीत

चंदीगडला समुद्र नाही. पाण्याची हौस भागवायला शहराजवळ आहे तो सुखना तलाव, १९५८ साली ओढ्याला बांध घालून केलेला. सुट्टीच्या दिवशी तिथे पायाने वल्हवायच्या बोटींपुढे रांग लागते आणि बोटींचा फेरफटका संपला की घरी परतणे, एवढीच इथल्या बहुतेक मुलांची जलयात्रा. तरी या शहराचे जहाजांशी नाते नाही असे कोणी समजू नये. सेक्टर ४२ मधल्या डॉ. आंबेडकर हॉटेल मॅनेजमेंट संस्थेसारख्या ठिकाणांहून शिकून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना क्रूझ जहाजावरची नोकरी खुणावत असते. राहणे-खाणे जहाजावर, पगार डॉलरमध्ये आणि जग बघायला मिळते ते वेगळेच. दुसरीकडे लष्कर, बँका, सरकारी कार्यालये यांच्या निमित्ताने इथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे सुट्टीत मुंबईला आली की गोव्याच्या क्रूझचीही चौकशी करू लागली आहेत.

म्हणजे एकाच घरातला मुलगा जहाजावर वाढपी आणि आईवडील दुसऱ्या जहाजावर पाहुणे, असेही होऊ शकते. दोघांना एकच रोग गाठू शकतो. पण साथ आली की दोघांना मिळणारी वागणूक एक नसते. ती कशी नसते हे साऱ्या जगाने २०२० साली योकोहामा बंदरात पाहिले.

जहाजाचे नाव डायमंड प्रिन्सेस. २० जानेवारी २०२० ला ते योकोहामाहून निघाले. त्यात बसलेले एक वयस्क गृहस्थ २५ जानेवारीला हाँगकाँगला उतरले आणि १ फेब्रुवारीला त्यांना कोरोनाची लागण झाल्याचे निष्पन्न झाले. तोपर्यंत जहाजावर नेहमीप्रमाणे मेजवान्या, नाचगाणी, पत्ते सगळे चालूच होते. ३ फेब्रुवारीला जहाज योकोहामाला परतले. पहिल्या तपासण्यांत दहा जण बाधित निघाले आणि ५ फेब्रुवारीपासून प्रवाशांना आपापल्या केबिनमध्ये बसवण्यात आले. जहाजावर तेव्हा सगळे मिळून ३,७११ जण होते. शेवटी त्यांच्यापैकी ७१२ जणांना, म्हणजे पाचातल्या जवळजवळ एकाला, लागण झाली. त्यातल्या निम्म्याच्या आसपास लोकांना चाचणीच्या वेळी कसलेही लक्षण नव्हते. ना ताप, ना खोकला.

पण ३,७११ मधले सगळेच काही केबिनमध्ये बसले नाहीत. हजारावर कर्मचारी कामावर होते. कोंडून घातलेल्या २,६०० हून अधिक पाहुण्यांना दिवसातून तीनदा जेवण कोण पोहोचवणार? भांडी कोण घासणार? चादरी, टॉवेल, औषधे दारापर्यंत कोण नेणार? विलगीकरण म्हणजे माणसाला माणसापासून दूर ठेवणे. इथे एकाला दूर ठेवण्यासाठी दुसऱ्याला दहा दारांपर्यंत जावे लागत होते, आणि रात्री तो दुसरा माणूस परत जात होता तो सहकाऱ्यांबरोबर वाटून घेतलेल्या केबिनमध्ये. जेवणही त्यांचे एकाच भोजनगृहात.

परिणाम व्हायचा तोच झाला. ९ फेब्रुवारीपर्यंत वीस कर्मचारी बाधित निघाले होते. त्यांतले पंधरा जण जेवणखाण विभागातले. वीसपैकी सोळा जणांच्या केबिन जहाजाच्या तिसऱ्या डेकवर होत्या आणि जेवणखाणवाले राहत होते ते नेमके तिथेच. जपानी आरोग्य अधिकाऱ्यांनी तपास करून हे आकडे प्रसिद्ध केले, तेव्हा पाहुण्यांना पोळी-भाजी देणारा हातच साथीच्या तोंडी दिला गेला होता हे कागदावर आले. तज्ज्ञांत अजूनही वाद आहे की जहाजावरचे विलगीकरण बरोबर होते की सर्वांना लगेच उतरवून किनाऱ्यावर वेगवेगळे ठेवायला हवे होते. पाहुण्यांच्या बाबतीत या वादाला दोन बाजू असतील. वाढप्याच्या बाबतीत दुसरी बाजू शोधूनही सापडत नाही. त्याचे विलगीकरण झालेच नव्हते.

या जहाजावर १३८ भारतीय होते. त्यांत प्रवासी फक्त सहा. उरलेले १३२ कर्मचारी. आपल्याला बाधित सहकाऱ्यांपासून वेगळे तरी करा, अशी विनवणी त्यांच्यातल्या काहींनी मोबाइलवर चित्रफिती करून मायदेशाला केली. गावोगावच्या घरांत त्या चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहिल्या गेल्या. सोळा भारतीयांना लागण झाली आणि त्यांना जपानमधल्या रुग्णालयांत हलवण्यात आले. २७ फेब्रुवारीला एअर इंडियाच्या खास विमानाने ११९ भारतीय दिल्लीला आले, त्यांच्याबरोबर पाच परदेशी नागरिकही होते. तिथून त्यांची रवानगी मानेसरच्या लष्करी छावणीत झाली, चौदा दिवसांसाठी. म्हणजे जहाजावर काम करत राहिलेल्यांचे खरेखुरे विलगीकरण सुरू झाले ते हरयाणात पोचल्यावर!

रोग जहाजात शिरतो कसा

बंदरे आणि साथी यांचे नाते जुने आहे. १३७७ साली एड्रियाटिक समुद्रावरच्या रगुसा शहराने प्लेगच्या गावांहून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवण्याचा नियम केला. पुढे व्हेनिसवाल्यांनी त्याचे चाळीस दिवस केले आणि त्या 'चाळीस' वरूनच क्वारंटाइन हा शब्द आला. मुंबईत १८९६ चा प्लेग सापडला तोही गोदीला लागून असलेल्या मांडवीत. डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी तो ओळखला. पूर्वी जहाजावरचा पिवळा बावटा हा साथीचा इशारा समजला जाई. गंमत म्हणजे आज त्याचा अर्थ उलटा आहे. आमच्या जहाजावर सगळे ठणठणीत आहेत, बंदरात येऊ द्या, अशी ती विनंती असते.

पण कोरोनासारखी साथ काही दरवर्षी येत नाही. क्रूझ जहाजांची रोजची डोकेदुखी आहे ती पोटाच्या विकाराची. नोरोव्हायरस हे तिचे नाव. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात नॉरवॉक या गावी १९६८ साली शाळेतली मुले एकाएकी ओकू लागली, तिथे तो पहिल्यांदा पकडला गेला, म्हणून हे नाव. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने जहाजांच्या स्वच्छतेवर देखरेख ठेवणारी खास योजना १९७५ पासून चालवली आहे. २०२४ साली त्यांच्या यादीत जहाजांवरच्या पोटाच्या साथी १८ होत्या आणि त्यांतल्या बहुतेकांचे कारण हाच विषाणू.

त्याचे वागणे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण घरातही तो असाच वागतो. शरीरात शिरल्यावर बारा ते अठ्ठेचाळीस तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात. एक ते तीन दिवसांत बहुतेक माणसे आपोआप बरी होतात. लहान मुले आणि म्हातारी माणसे मात्र पाणी कमी पडून अत्यवस्थ होऊ शकतात. लागण व्हायला विषाणूचे अगदी थोडे कण पुरतात. जिन्याचा कठडा, लिफ्टचे बटण, बुफेतला डाव, स्वच्छतागृहाची कडी, कुठेही तो दिवसचे दिवस तग धरून राहतो. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे हातावर चोळायच्या सॅनिटायझरला तो फारसा दाद देत नाही. कोरोनाने घराघरांत सॅनिटायझरची बाटली आणली आणि लोकांना वाटू लागले की दोन थेंब चोळले की झाले. इथे साबण आणि वाहते पाणीच हवे, तेही चांगले वीस सेकंद. जेवणाच्या दालनाबाहेर जहाजाने सॅनिटायझरचे यंत्र ठेवले असले तरी आधी बेसिन गाठावे. फरशी आणि कडीकोयंडे पुसायला साध्या फिनेलपेक्षा क्लोरीनचे ब्लीच उपयोगी पडते.

आणि रोगी बरा झाल्यासारखा वाटला तरी त्याच्याकडून काही दिवस विषाणू बाहेर पडतच असतो. म्हणून उलट्या-जुलाब थांबल्यानंतरही निदान दोन दिवस त्याने स्वयंपाकघरात पाऊल टाकू नये, असे डॉक्टर सांगतात. हा नियम जहाजावरच्या आचाऱ्याला लागू आहे, तसाच घरातल्या सुगरणीलाही. घरात ती पाळते का? सासूबाईंना दोन दिवस चहा कोण देणार, या विचाराने बहुधा नाहीच.

'नाही' वर केलेली खूण

जहाजावर चढण्यापूर्वी प्रवाशाकडून एक आरोग्यपत्रक भरून घेतात. गेल्या दोन-तीन दिवसांत ताप, उलटी, जुलाब झाले होते का? बहुतेक जण डोळे झाकून 'नाही' वर खूण करतात. काहींना खरोखर काही झालेले नसते. पण काहींना आदल्या रात्री चार वेळा उठावे लागलेले असते. चौघांच्या कुटुंबाने हजारो रुपये भरलेत, विमानाचे तिकीट काढलेय, मुलांनी शाळेत सांगून ठेवलेय, अशा वेळी 'हो' लिहायला मोठे धैर्य लागते. 'हो' लिहिले आणि चढू दिले नाही तर पैसे बुडणार की काय, ही भीती असते. त्यामुळे तिकीट काढतानाच एजंटला सरळ विचारलेले बरे. आजारामुळे बंदरावर अडवले तर किती परत मिळतील, तारीख पुढे ढकलता येईल का? प्रवास विम्यात हे धरलेले आहे का, आणि जहाजावर कोंडून घातले तर त्या दिवसांचे काय? तोंडी उत्तरावर समाधान मानू नये, लिहून घ्यावे. जे कुटुंब ही चौकशी आधी करून ठेवते, त्याला आयत्या वेळी खोटे लिहिण्याचा मोह कमी होतो.

खोटे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आपल्यासारखे पाहुणेच असतात. 'एवढ्या मोठ्या जहाजात कोणाला काय होणार!' पण त्याने घाण केलेली खोली साफ करणारा एक मुलगा असतो, हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

आपल्याकडचा दाखला फार लांबचा नाही. २०२२ च्या पहिल्याच आठवड्यात मुंबईहून नववर्षासाठी गोव्याला गेलेल्या कॉर्डेलिया क्रूझच्या एका कर्मचाऱ्याला कोरोना झाल्याचे कळले. जहाजावर सुमारे दोन हजार माणसे होती. मुरगाव बंदरात सगळ्यांची तपासणी झाली, तेव्हा ६६ जण बाधित निघाले. त्यांना कुठे ठेवायचे, कोणी उतरायचे, कोणी नाही, यावर बरीच ओढाताण झाली आणि अखेर जहाज मुंबईला परत फिरले. इथे पुन्हा तपासण्या झाल्या, तर आणखी शंभराहून अधिक जण बाधित! पाहुण्यांनी सुट्टी वाया गेल्याचा संताप व्यक्त केला आणि तो स्वाभाविक होता. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली ती त्यांचीच. त्यांच्या खोल्या झाडणारे कुठे झोपत होते, याची विचारणा फारशी झालेली दिसली नाही.

घरातले कोणी जहाजावर जाणार असेल तर

२०२० च्या एप्रिलमध्ये देशभर टाळेबंदी असताना हजारो भारतीय खलाशी आणि क्रूझ कर्मचारी समुद्रात अडकून पडले. मारेला डिस्कव्हरी या जहाजावरचे सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी मुंबईच्या समुद्रात, घराच्या इतक्या जवळ, परवानगीची वाट पाहत थांबले होते. केंद्र सरकारने नियम ठरवले तेव्हा कुठे २३ एप्रिलला ते उतरले. गोव्यात तर गल्लीगल्लीत असे घर होते, जिथले कोणी ना कोणी जहाजावर होते.

या लोकांना कायद्याचे थोडेफार संरक्षण आहे, पण ते माहीत असणारे थोडे. सागरी कामगारांविषयीचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ साली मान्य केला. हा करार फक्त इंजिन आणि सुकाणू सांभाळणाऱ्यांसाठी नाही, क्रूझवरचा आचारी, वाढपी, खोल्या आवरणारी मुलगी हे सगळे त्यात येतात. नोकरीत असताना आजारी पडल्यास उपचाराचा खर्च जहाजमालकाचा. देशाच्या कायद्याने त्याला मुदत घालता येते, पण ती सोळा आठवड्यांहून कमी नसावी. आजारपणामुळे घरी पाठवावे लागले तर तो खर्चही मालकाचाच. मात्र यासाठी करारपत्राची सही केलेली प्रत कर्मचाऱ्याच्या हातात हवी आणि तिची एक छायाप्रत घरी हवी. ज्या एजंटमार्फत भरती होते त्याच्याकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का, तो चालू आहे का, हे महासंचालनालयाच्या यादीत पाहता येते. एजंट नोकरी मिळवून देण्यासाठी पैसे मागू लागला की तिथेच पाय मागे घ्यावा. या करारात त्याला मनाई आहे.

भरतीच्या मुलाखतीला गेलेली मुले पगार विचारतात, किती महिन्यांचा करार हे विचारतात, वायफाय मिळेल का हेही विचारतात. त्यांनी आणखी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात, आणि मुले संकोचली तर आईवडिलांनी विचारायला लावाव्यात. केबिन दोघांची की चौघांची? आणि ताप आला तर वेगळी खोली कितव्या डेकवर, तिथे जेवण कोण आणून देणार?